न चाललेल्या नाण्यांचा डबा : कामाच्या नोंदी

८ जून, शनिवार
दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या जुन्या घराचा माळा आज रिकामा केला. आण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, किराणा दुकान बंद पडून चाळीस वर्षं झाली. त्यांच्या दुकानातल्या तीनच वस्तू उरल्या आहेत: एक तागडी, एक खलबत्ता आणि बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. डब्याच्या झाकणावर तेलरंगात आण्णांच्या अक्षरात लिहिलंय, ‘न चाललेली’.

गल्ल्यात आलेलं जे नाणं पुढे कुणी घेईना, ते या डब्यात जायचं. हे बाबांकडून ऐकलं होतं. बाबांनी सांगितलं नव्हतं ते असं, की आण्णा प्रत्येक नाणं चिठ्ठीत गुंडाळून ठेवायचे आणि ते का चाललं नाही हे चिठ्ठीवर लिहायचे.

मला हे कळलं तोवर डबा वर्तमानपत्रावर उपडा करून झाला होता. चिठ्ठ्या जुन्या आणि कोरड्या. पडताक्षणी उलगडल्या. नाणी एकीकडे, कागद एकीकडे. रोज लाखांची रोकड मोजणारी बाई मी, नोटेला नोट चिकटू देत नाही, आणि घरच्या डब्याशी असं वागले.

मोजदाद: नाणी ६३, नोटा ३, चिठ्ठ्या ३८. म्हणजे पंचवीस नाण्यांना चिठ्ठी नव्हतीच, किंवा होती आणि उंदरांनी खाल्ली.

ठरवलं: कुठली चिठ्ठी कुठल्या नाण्याची, हे शोधायचं. किंमत वगैरे नंतर.

९ जून, रविवार
मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर गेले. कट्टा म्हणजे एका निवृत्त मास्तरांच्या घराची ओसरी. दर रविवारी सकाळी नाण्या-नोटांची आवड असलेले सात-आठ जण जमतात. मला तिथे ‘कॅशिअर ताई’ म्हणतात. माझा प्रांत नोटांचा, नाण्यांत मी कच्ची. एकजण फक्त ७८६ क्रमांकाच्या नोटा जमवतो. एकाला घरच्यांच्या जन्मतारखा क्रमांकात असलेल्या नोटा हव्या असतात. बायकोची मिळाली, सासऱ्यांची अजून नाही, त्यावरून घरात बोलणी खातो. बाकी बहुतेक संस्थानी तांब्याच्या नाण्यांच्या मागे.

ओसरीचा नियम एकच. नाणं कडेला धरायचं, आणि सतरंजीवर टॉवेल पसरून त्याच्यावरच हातात घ्यायचं. फरशीवर पडलेल्या नाण्याचा ‘खण्ण’ आवाज आला की मास्तर डोळे मिटतात.

चिठ्ठ्या नेल्या होत्या. अकरा चिठ्ठ्या मोडी लिपीत. आण्णांची पिढी दुकानाचा हिशेब मोडीतच ठेवायची. मास्तर मोडी वाचतात, पण दुकानदाराची मोडी वेगळी, घाईची. म्हणाले, दर रविवारी दोन-तीन लावू, गडबड करायची नाही.

१५ जून, शनिवार
आज युक्ती सापडली. नाण्याभोवती कागद वर्षानुवर्षं घट्ट बसला की डाग पडतो. तांब्याचा हिरवट, चांदीचा काळपट, निकेलचा जवळजवळ नाही. शिवाय कडेची घडी उमटते. म्हणजे चिठ्ठीवर नाण्याचा व्यास आहे! मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पेटीतला व्हर्निअर कॅलिपर घेतला.

पहिल्याच फेरीत सहा जुळली. साडेतीस मिलिमीटरचा काळा डाग म्हणजे चांदीचा रुपया. पंचवीस-साडेपंचवीसचा हिरवा म्हणजे पंचम जॉर्जचा पाव आणा, आपला पैसा. एकवीसचा हिरवा आणि मधोमध कोरा गोल, तो भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून हा पैसा मधे भोक पाडून काढला. तो तर बाजारात चालत होता, मग डब्यात का? चिठ्ठीवर लिहिलंय, ‘पोराने वायसर म्हणून वापरला, घासला.’ खरंच, एक बाजू चपटी झालीय.

सगळ्यात मजा अष्टकोनी घडीची. मोजायचीही गरज पडली नाही. १९१९ ते १९२१ या काळात निकेलची चवन्नी आठ कोनांची निघत होती. पावली म्हणायचे तिला. चिठ्ठी: ‘कोपरे घासलेले, गोल केली आहे. घेत नाहीत.’ कुणीतरी खिशाला टोचतात म्हणून कोपरे कानशीने काढले असावेत. घडीत मात्र आठ कोन पुसट का होईना दिसतात.

संध्याकाळी घोटाळा. स्वयंपाकघरात गेले तर आईच्या हातात डब्यातली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा, लख्ख गुलाबी. चिंच आणि मीठ लावून देवाची भांडी घासतात तशी घासली होती. ‘केवढी कळकली होती गं!’ म्हणाली. मी काहीच बोलले नाही. तिच्या दृष्टीने तिने उपकार केले होते.

१६ जून, रविवार
शिवराई कट्ट्यावर दाखवली. मास्तरांनी डोळे मिटले.

तांब्यावरची जुनी तपकिरी-हिरवी झाक तीनशे वर्षांत चढते आणि चिंचेने तीन मिनिटांत जाते. त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही मऊ होतात. नवीन येणाऱ्यांना पहिल्यांदा हेच सांगावं लागतं: नाणं धुवू नका, घासू नका, नोटेला लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशन केलेली नोट म्हणजे खुंटीला टांगलेलं मढं, असं इथे एकजण म्हणतो. मला ते फार कडू वाटतं, पण चुकीचं नाही.

बाकीच्या दोन शिवराया सुदैवाने आईच्या हाती लागल्या नव्हत्या. एकीवर ‘श्री राजा’ पूर्ण आणि ‘शिव’चा फक्त ‘शि’, दुसरीवर ‘छत्र’ आहे, ‘पति’ अर्धवट. मला वाटलं झिजलीय. तसं नाही. शिवराईचा ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण मजकूर क्वचितच बसतो. शिवाय ठसे कोरणारे अनेक, टांकसाळी अनेक, म्हणून ‘शिव’, ‘सिव’, ‘शीव’ अशी नाना रूपं. शिवाजी महाराजांनंतर पेशवाईतही ती पडत राहिली. दोन आडव्या रेघांची ती दुदांडी, ती त्या नंतरच्या काळातली. इथले दोघेजण फक्त शुद्धलेखनाच्या चुका जमवतात. मास्तर आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आता चुकीचं ‘शीव’ मिळालं की चहा पाजतात.

मोडीच्या दोन चिठ्ठ्या लागल्या.
एक: ‘मोगलाईचा.’ म्हणजे निजामाच्या हद्दीतला. चारमिनार असलेलं नाणं डब्यात होतंच. मधल्या कमानीत उर्दू ‘ऐन’ अक्षर, उस्मान अलीचं. त्याच्या वडिलांच्या, महबूब अलीच्या नाण्यावर तिथे ‘मीम’ असतो. निजामाच्या हाली रुपयाचा भाव वेगळा, सात हालींना इंग्रजी सहा. कोल्हापूरच्या दुकानात असला हिशेब कोण करत बसणार! डब्यात.
दुसरी: ‘फिरंगी. सावंतवाडीच्या माणसाने दिला, आपण पाहिला नाही.’ गोव्याचं पोर्तुगीज नाणं. शेवटच्या तीन शब्दांत आण्णांचा स्वतःवरचा राग आहे.

२३ जून, रविवार
आज नोटा. तीनपैकी एक नोट दोन रुपयांची, सहाव्या जॉर्जची, सही चिंतामणराव देशमुखांची. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. आपल्या रायगडातले, महाडजवळच्या नाते गावचे. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण बँकेने स्वतःच्या नोटा काढल्या १९३८ मध्ये, आणि तोवर ते पद सोडून गेले होते. ही नोट का चालली नाही? मधोमध फाटून सरसकट खळीने चिकटवलीय. चिठ्ठी नाही, पण चिठ्ठीची गरजही नाही.

दुसऱ्या दोन एक रुपयाच्या. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नाही, अर्थसचिवाची सही असते, कारण ती नोट भारत सरकारची असते. त्यामुळे मनमोहन सिंग यांची सही दोन्ही ठिकाणी सापडते: आधी सचिव म्हणून रुपयावर, नंतर गव्हर्नर म्हणून बाकीच्या नोटांवर.

यावरून गप्पा आडारकरांवर गेल्या. बी. एन. आडारकर १९७० च्या मे-जूनमध्ये फक्त बेचाळीस दिवस गव्हर्नर होते. पण गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आली. ज्यांच्याकडे ती मालिका पुरी आहे असा एकच माणूस आमच्यात आहे. त्याने ती आणली आणि तासभर कुणाच्या हातात दिली नाही. योग्यच केलं.

मग नेहमीप्रमाणे मला विनंत्या. ‘ताई, काउंटरवर स्टार नोट आली तर...’ छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी २००६ पासून क्रमांकाच्या आधी तारा छापलेली नोट घालतात, आधी दहा, वीस, पन्नासच्या आल्या. काउंटरची रोकड माझी नाही, हे मी दर महिन्याला नव्याने सांगते. दिवसाची रोकड जुळल्यावर, साहेबांना विचारून, स्वतःच्या पैशाने बदली केली तर केली. नाहीतर नाही. ७८६ वाल्यांना हे पटत नाही. न पटू दे.

नव्या मुलाने विचारलं, घरी जुन्या पाचशेच्या नोटा ठेवल्या तर पकडतात का? २०१७ च्या कायद्याने कुणीही दहापर्यंत ठेवू शकतो, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याच्याकडे चार आहेत. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि मिसळ मागवली.

३० जून, रविवार
चिठ्ठ्यांचं काम नाही झालं. सकाळी भाजी घ्यायला गेले, दहाचं नाणं दिलं. मावशी म्हणाली, ‘हे न्हाई चालत ताई. फुडं कोण घेत न्हाई.’

मी बँकेत आहे, मी सांगते चालतं, असं म्हणाले. तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की बोलायची सोय राहिली नाही. रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं, दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, अशा अफवा किती वर्षं फिरतायत. चिन्ह ठरलंच २०१० मध्ये, मग त्याआधीच्या नाण्यावर ते कुठून येणार? जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की चौदाही प्रकारची दहाची नाणी चलनात वैध आहेत. मावशीला पत्रकाशी काय करायचंय! तिच्याकडून पुढचा घेत नाही, हे खरं. पैसा चालतो की नाही हे पुढचा माणूस ठरवतो, तिचा मुद्दा तेवढाच होता, आणि आण्णांच्या अडतीस चिठ्ठ्या तेच म्हणतात.

ते नाणं घरी आणून चिठ्ठीत गुंडाळलं: ‘भाजीवाल्या मावशीने घेतलं नाही. तारीख ३० जून.’ डब्यात टाकलं. आता नाणी ६४, चिठ्ठ्या ३९.

१४ जुलै, रविवार
लेकीला घेऊन टाऊन हॉल म्युझियम. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला काशाचा समुद्रदेव तिने पहिल्यांदा पाहिला. रोमचा पोसायडन, इतका छोटा. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. म्हणजे सातवाहन काळात रोमचा माल घाट चढून कोल्हापुरात येत होता.

पण मला सांगायचं होतं ते त्याच टेकाडाशी जोडलेल्या शिशाच्या नाण्यांबद्दल. एका बाजूला धनुष्यबाण आणि राजाचं नाव: विळिवायकुर, सिवलकुर, पुन्हा एक विळिवायकुर. या राजांचा इतिहास जवळपास नाहीच. मग आधी कोण, नंतर कोण, हे कळलं कसं? तर सिवलकुराने आपला ठसा जुन्या विळिवायकुराच्या नाण्यावरच मारला. नंतर गोतमिपुत विळिवायकुराने या दोघांच्या नाण्यांवर आपला मारला. खालचा ठसा पुरता दबला नाही. जो खाली तो आधीचा. कुणाच्या तरी आळसामुळे, किंवा शिसं कमी पडल्यामुळे, कोल्हापूरच्या तीन राजांचा क्रम लागला.

लेक म्हणाली, म्हणजे तुझ्या डागांसारखंच. हो.

२१ जुलै, रविवार
सकाळी दूधवाले आले ते थेट खिशातून पाचचं नाणं काढत. वैष्णोदेवीचं, २०१२ चं. ‘वहिनी, मोबाइलवर बघितलं, धा लाख मिळत्यात म्हणं. तेवढं विकून द्या.’ कुणीतरी त्यांच्याकडून ‘नोंदणी फी’ म्हणून साडेतीन हजार आधीच मागितले होते. सुदैवाने दिले नव्हते. असले फोन रिझर्व्ह बँकेच्या नावानेही येतात. बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही, कुठलीही फी ती मागत नाही. दूधवाल्यांना समजावलं. निराश झाले. मग म्हणाले, ‘मग ह्याचं करायचं काय?’ म्हटलं, दूध घ्या. हसले, पण नाणं परत नीट रुमालात बांधलं.

२६ जुलै, शुक्रवार
पाऊस थांबेना. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी दर तासाला मोबाइलवर येते. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे आकडे कोल्हापुरात पोरांनाही पाठ. कट्ट्यातल्या एकाचं घर शाहूपुरीत तळमजल्यावर. त्याचे आठ अल्बम आम्ही दोघी-तिघांनी पिशव्यांत भरून वरच्या मजल्यावर हलवले. २०१९ च्या महापुरात त्याच्या नोटा प्लॅस्टिकच्या कप्प्यात चिकटून गेल्या होत्या. घाईने ओढल्या त्या फाटल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून उरलेल्या कप्प्यासकट स्वच्छ पाण्यात ठेवल्या, आपोआप सुटू दिल्या, टिपकागदात दाबून वाळवल्या. त्या वाचल्या. अजून गढूळ वास येतो त्यांना. तो त्या विकत नाही आणि दाखवतानाही नाकाला लावतो.

४ ऑगस्ट, रविवार
आज मोडीची अवघड चिठ्ठी. महिनाभर अडली होती. मास्तर भिंगातून वाचत होते: ‘डु... क... राचा. डुकराचा रु.’

ओसरी हसली. पण संस्थानी तांब्यावाले पाटील सरसावून बसले. म्हणाले, ताई, १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया आहे का तुमच्यात?

होता. मी तो ‘कडीवाला’ म्हणून बाजूला ठेवला होता. वर चांदीची कडी डाखलेली, गळ्यात घालायला. म्हणून तो चालला नसणार असं मी गृहीत धरलं होतं.

गोष्ट अशी. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या माळेत हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड की तो डुकरासारखा दिसतो. लोकांत बोंब झाली. सरकारने नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवली आणि १९१२ मध्ये सोंड लांब करून नवी काढली. भिंगातून पाहिलं. डुक्करच.

चिठ्ठीवरचा डाग मोजला: साडेतीस. आणि वरच्या कडेला छोटासा उंचवटा, कडीचा. याहून पक्की जोडी या डब्यात दुसरी नाही.

मास्तर पुढचं वाचत होते. ‘चिखलीवालीचा. पायली जोंधळे. देणे.’

कुणी हसलं नाही. म्हणजे हा न चाललेला नव्हताच. प्रयाग चिखलीहून दिलेल्या, नाहीतर इथून चिखलीला दिलेल्या कुणा बाईने गळ्यातला रुपया ठेवून जोंधळे नेले होते, आणि आण्णांनी तो परत द्यायचा म्हणून लिहून ठेवला होता.

पाटील म्हणाले, कडी काढून घेतली तर जरा बरी किंमत येईल, कडीसकट निम्मीही नाही. ते व्यवहाराचं बोलले, त्यांचं चुकलं नाही. मी नको म्हटलं.

१० ऑगस्ट, शनिवार
गुजरीत, सोनारांच्या पेठेत, गेले. ओळखीच्या सोनारकाकांना रुपया दाखवला. काकांनी कडीखालची चांदी नखाने चाचपली. म्हणाले, डाख जुना आहे, आणि कडी आतून झिजून पातळ झालीय, म्हणजे दोऱ्यात बरीच वर्षं ओवलेला होता. दुकानात ठेवायच्या आधी, हे त्यांनीच सांगितलं.

मग नाण्यांच्या दागिन्यांवर घसरले. पुतळ्यांची माळ म्हणतो, त्या पुतळ्या मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या मोहरा. तिथल्या राज्यप्रमुखाने गुडघे टेकून संत मार्ककडून ध्वज घ्यावा असं चित्र. इथल्या बायकांना त्यात दोन पुतळ्या दिसल्या, नाव पडलं. ‘परदेशी पैसा गळ्यात घालायची आपल्याकडची जुनी रीत,’ काका म्हणाले, ‘गळ्यात असला की चालतो की नाही हा प्रश्नच नाही.’ साडेतीन ग्रॅमची मोहर, तिला कडी लावली तर ती कडी वजनात धरत नाहीत, हेही सांगितलं. मी कॅशिअर असल्याने हे शेवटचं लक्षात ठेवलं.

११ ऑगस्ट, रविवार
हिशेब. आण्णांच्या ३८ चिठ्ठ्यांपैकी ३१ जुळल्या. सात राहिल्या. त्यातल्या दोन बिनडागाच्या, म्हणजे निकेल असावं. एकीवर फक्त ‘हा कसा आला?’ एवढंच आहे.

कट्ट्याने पुढच्या महिन्यात ओसरीवरच छोटं प्रदर्शन ठरवलंय, शाळेतल्या मुलांसाठी. माझा डबा मधे ठेवायचा म्हणतात. नाणं वरच्या कप्प्यात, चिठ्ठी त्याच्या खाली. चिंचेने घासलेली शिवराईही ठेवायची, आईचं नाव न घेता. आई म्हणाली, घ्या नाव, मला काय!

आज संध्याकाळी पुठ्ठ्याच्या कप्प्यांवर नोंदी लिहिल्या. स्टेपलच्या पिना नाण्याला घासू नयेत म्हणून चपट्या केल्या. रुपयाचा कप्पा कडीमुळे बंद होईना, म्हणून मोठा कापला. त्याच्यावर लिहिलं:

क्र. १७. रुपया, १९११, कडीसह. ठेव. मालकीण: चिखलीवाली. पायलीभर जोंधळे येणे.